सुकाणू कोणाच्या हातात होतं

तांडेलाची थोरली लेक मत्स्य खात्यासाठी समुद्रातला क्रिल मोजायची. क्रिल म्हणजे जवळ्याचा थोरला भाऊ, करंगळीएवढा जीव. पण त्याच्यावर देवमासे जगतात आणि त्या बंदरातल्या सगळ्या चुलीही. बोटीच्या पोटाला बसवलेलं यंत्र खाली आवाज सोडतं, आवाज थव्यावर आपटून परत येतो आणि पडद्यावर लाल डाग उमटतो. डाग जितका गडद तितका माल. नकाशावर आधी सरळ रेघा आखायच्या आणि बोट त्यांवरूनच न्यायची. वाटेत काही लागो न लागो, वळायचं नाही. त्या मोजणीवरून यंदा समुद्रातून किती काढायचं ते ठरतं.

यंदा खात्याचं जहाज दुरुस्तीला गोदीत पडलं, तेव्हा लेकीनं बापाची बोट सुचवली. खात्याचे साहेब हसले. "मासेमाराच्या हाती मोजणी? उद्या चोराला पंचनामा करायला सांगाल!" त्यावर ती भर बैठकीत म्हणाली, "माझे बाबा रेघ सोडणार नाहीत. जबाबदारी माझी."

आणि बापानं रेघ सोडली.

पहिल्यांदा हातानंच सोडली म्हणा. उजवीकडे पक्षी पाण्यावर तुटून पडले होते, आणि पक्षी दिसले की सुकाणू तिकडे फिरवायचं हे त्याच्या मनगटांना डोक्यापेक्षा आधी कळायचं. बोट जराशी वळली, पडदा लालभडक झाला आणि मागून लेक ओरडली, "बाबा, केवढं!" लहानपणी टाळ्या पिटायची तशा तिनं टाळ्या पिटल्या.

तिथं सगळं नासलं. लेक शिकून मोठी झाल्यापासून तिला दाखवण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. आता सापडलं. मग सुकाणूवर त्याची पाळी असताना पक्षी दिसले की बोट वळू लागली. आता मनगटांना दोष देऊन भागणार नव्हतं. डोकं जागं होतं. वळायचं, डाग घ्यायचा, हळूच रेघेवर यायचं. लेक पडद्याला चिकटलेली. बाप चालवतोय म्हटल्यावर तिनं नकाशाकडे पाहिलंच नाही.

पाहिलं ते बंदरात परतल्यावर. निकाल सांगायची सभा दुपारी होती. सकाळी ती बोटीच्या वाटेचा नकाशा लॅपटॉपवर उघडून बोटीवर आली. तो सुकाणूपाशी पितळ घासत होता.

"बाबा, हे काय आहे?"

"प्रवाह असेल. तिकडं पाणी ओढतं."

"क्रिल असेल तिथंच ओढतं? बरं हुशार पाणी आहे."

तो घासत राहिला.

"अगं, जरासं तर वळलो. होता तोच दाखवला ना? खोटा थोडाच आणला?"

"दिवा दिसेल त्याच घरात शिरून माणसं मोजली, तर गाव दुप्पट भरतं, बाबा! अंधारी घरंही मोजायची असतात. हा आकडा दिला, तर दुप्पट माल काढायची परवानगी मिळेल. दोन हंगामांत समुद्र खरवडून मोकळा."

"मग?"

"आज सांगणार, मोजणी रद्द. आणि मोजणी नाही तर हंगाम नाही."

"कारण काय सांगशील?"

त्याचा पहिला प्रश्न हा. तुझ्या नोकरीचं काय, हा नाही. बंदरातल्या बोटींचं काय, हाही नाही. तिनं बापाकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. "मी तुमचं नाव घेणार नाही. तुम्हीच काय ते बघा."

सभागृह खचाखच भरलं होतं. लेकीनं दोन वाक्यांत सांगितलं: बोट रेघेवरून हलली, आकडा खोटा आहे. मग जो गलका उठला!

"शिकून आली आणि आमच्याच पोटावर पाय देते!"

"जमत नव्हतं तर मिरवायला नेली होती का बोट?"

ती उभी राहिली. मान वर, कान लाल. तांडेल पहिल्या रांगेत बसून आपल्या गुडघ्यांकडे पाहत होता. शेवटी मासेमार संघाच्या अध्यक्षानं टेबल बडवलं. "रेघ हलली म्हणजे कोणीतरी हलवली. सुकाणू कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या."

गप्प्या उभा राहिला होता. तांडेलाचा जन्माचा जोडीदार, बोटीवरचा दुसरा सुकाणूवाला. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर फार. त्यानं आज एकच शब्द खर्च केला आणि सगळी सभा त्याच्यावर तुटून पडली. कोणी दारुड्या म्हणालं, कोणी विकला गेलेला. मागून एक टोपी येऊन त्याच्या खांद्यावर आदळली.

आणि तांडेलाला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा? घशातला काटा खाली उतरावा तसं वाटलं. तो तसाच बसून राहिला. गप्प्याला शिव्या पडत होत्या आणि तो श्वास घेत होता. मग गप्प्याची बायको दिसली. ती नवऱ्याकडे अशी पाहत होती, जणू हा माणूस आपल्या घरात कधी शिरला तेच तिला कळत नव्हतं.

तेव्हा कुठं तो उठला. "तो नव्हता. मी होतो."

आणि टाळ्या पडल्या! "वा तांडेल! याला म्हणतात मालक!" "आपल्या माणसाला पाठीशी घालावं तर असं!" कोणीतरी त्याची पाठही थोपटली. त्याला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. कबूल केलं तरी मोठेपणा त्याच्याच पदरात, आणि गप्प्या होता तिथंच.

"नकाशा लाव," तो लेकीला म्हणाला.

"बाबा..."

"लाव म्हणतो ना! कोणाची पाळी कधी, त्यासकट."

तिनं लावला. भिंतीवर रेघा उमटल्या. गप्प्याच्या पाळीतल्या रेघा पट्टीनं ओढल्यासारख्या. तांडेलाच्या पाळीतल्या, नाकाला वास लागलेल्या कुत्र्यासारख्या. तिथं बसलेल्यांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं. प्रत्येक वळण त्यांना ओळखीचं होतं. पाठ थोपटणारा हात निघून गेला. मागं कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष आपल्या बुटांकडे पाहू लागला.

बाहेर तांडेलानं गप्प्याला गाठलं. "मी सांगितलं होतं का तुला मध्ये पडायला?"

"नाही." गप्प्या चालत राहिला. "मला वाटलं, तू लगेच उठशील."

खात्यानं फेरमोजणीला परवानगी दिली. तोवर सगळ्या बोटी धक्क्याला बांधून. यंत्र तांडेलाच्या बोटीला बसवलेलं, म्हणून बोट तीच. पण मोजणी आता बैठकीत हसलेल्या त्या साहेबांची. लेक त्यांच्या हाताखाली. सुकाणूवर बसवली फेरीबोटवाली बाई. जन्मभर या धक्क्यावरून त्या धक्क्यावर माणसं नेणारी, जिला बंदरातले मासेमार पाण्यावरची रिक्षावाली म्हणत. तांडेल तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. तिनं उभ्या आयुष्यात एक मासा धरला नव्हता. लेकीनं म्हणूनच तिला सुचवली.

तांडेलाला खालच्या खोलीत बसवलं. जाळ्यात नमुन्याला आलेला क्रिल पट्टीवर ठेवून त्याची लांबी लिहायची. कुठल्या लांबीचा जीव किती आवाज परत पाठवतो, यावर पुढचा हिशेब. खिडकीतून त्याला डावीकडे पक्षी कोसळताना दिसले. त्यांच्यामध्ये देवमाशाची पाठ वर आली. पायाखाली थवा असणार, दाट. वरून बाईचं बिस्किट खाता खाता गुणगुणणं ऐकू येत होतं. बोट तसूभर वळली नाही.

लेक नवी बादली घेऊन खाली आली. "डोळ्यापासून शेपटीपर्यंत मोजायचं. अंदाजानं लिहायचं नाही."

"नाही लिहिणार."

"मी तपासणार आहे."

"तपास."

तिनं स्टूल ओढलं आणि समोर बसली. त्यानं एक क्रिल मोजला, आकडा लिहिला, बाजूला ठेवला. तिनं तो उचलला, आपल्या पट्टीवर ठेवला आणि पुन्हा मोजला. मग दुसरा. मग तिसरा.