मानदुखीवर सायकल

बोळिंजला दर रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर फेबियन मास्तर आणि केळीवाले नरहरीभाऊ बसत. दोघे बालमित्र. गावकऱ्यांनी अडचणी सांगायच्या आणि या दोघांनी तोडगे काढायचे, असा तिथला रिवाज. नवरा घोरतो म्हणणारीला नरहरीभाऊंनी त्याच्याआधी झोपायला सांगितलं होतं. तोडगा कुणी पाळत नसे. लोक पोटभर हसत आणि घरी जात.

एक्कावन्न सालच्या थंडीत एका रविवारी इनेझ उठून उभी राहिली. वय बेचाळीस. रोज भाजीची टोपली डोक्यावर घेऊन ती विरार स्टेशनपर्यंत चालत जाई. आता मान अशी धरली होती की चर्चमध्ये शेजारणीकडे बघायचं तरी अख्खं अंग वळवावं लागे. वैद्याने ओझं बंद करायला सांगितलं होतं. मग चूल कशी पेटायची, ते मात्र सांगितलं नव्हतं.

मास्तर गंभीर चेहरा करून म्हणाले, "इनेझबाय, सायकल शिका. ओझं तिच्या पाठीवर, तुम्ही वर बसून जा."

ओट्यावर हशा पिकला. इनेझही हसली. पण वाटेत ती विचार करू लागली. कासोटा घातलेल्या लुगड्याला सायकलचा दांडा आड यायचं काही कारण नव्हतं.

सोमवारी शाळा सुटताच ती मास्तरांच्या दारात उभी.

"अहो, थट्टा होती ती," मास्तर म्हणाले.

"तुमची असेल. माझी मान खरीच दुखते. सल्ला तुमचा, तर सायकलही तुमचीच द्या."

मास्तर ओशाळले. त्यांनी सायकल बाहेर काढली आणि मागून धरायला नरहरीभाऊंना बोलावून घेतलं. कापणी झालेल्या भातशेतात शिकवणी सुरू झाली. इनेझ पडली, कोपर सोलवटलं, तरी दुसऱ्या दिवशी हळद लावून हजर. धावून धावून नरहरीभाऊंची मात्र दमछाक झाली.

बायका नाकं मुरडू लागल्या. दीर रुडॉल्फ घरी येऊन घराण्याच्या अब्रूबद्दल बराच वेळ बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्यापासून टोपली तू नेतोस?" रुडॉल्फने टोपी उचलली आणि तो निघून गेला.

महिन्याभराने ती भाजी लादून एकटी निघाली. पहिल्याच वळणावर सायकल कलंडली आणि वांगी रस्ताभर झाली. बघणारे दोघेचौघे हसले. तिने एकेक वांगं पदराला पुसून टोपलीत भरलं, दोरी घट्ट आवळली आणि पुन्हा टांग मारली. स्टेशनवर ती रोजच्यापेक्षा लवकर पोचली.

ईस्टरच्या आधी तिने स्वतःची जुनी सायकल घेतली. मास्तरांची धुऊनपुसून, साखळीला तेल घालून, त्यांच्या दाराशी नेऊन लावली.