माझ्या भिंतीला वारा लागला

मी एक जुनी पेशी आहे, पातूरजवळच्या एका संत्र्याच्या खोडातली. मित्रांनो, तुम्हाला मी दिसायची नाही. पण मलाही घर आहे आणि त्याची भिंत मी स्वतः बांधली आहे. आत पाणी ठासून भरलेलं, बाहेरून भिंत आवळून धरणारी. या ओढाताणीतच माझा जन्म गेला. भिंतीला आतून टेकून माझे पहारेकरी बसतात. ती ताणली, कुठे चिरली, की ते लगेच वर्दी देतात आणि मी नवे धागे विणून ती जाड करते. वर्दी नसेल तर मी उगाच राबत नाही.

दोन हजार चारच्या सुमारास विहिरी आटल्या आणि अब्दुल सत्तारांची सगळी बाग वाळली. उरलं फक्त आमचं कोवळं कलम. सत्तारभाईंनी ते तळहाताच्या फोडासारखं जपलं. शेजारी बांबू रोवला आणि ओढणीच्या चिंध्यांनी बुडापासून शेंड्यापर्यंत करकचून बांधलं.

शेजारच्या शेतातल्या आशाबाई दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून म्हणाल्या, "सत्तारभाऊ, चिंध्या ढिल्या करा. हलू द्या त्याले थोडं."

"हललं आन् मोडलं तं? एवढं एकच उरलं मले."

माझ्यापर्यंत वारा पोचतच नव्हता. पहारेकरी पेंगत होते. कलम उंच झालं, पण आमच्या भिंती पातळच राहिल्या.

वैशाखात वाळवीनं पोखरलेला बांबू वावटळीत मोडला आणि कलम जमिनीला टेकलं. सत्तारभाई धावत येऊन त्याच्याजवळ बसले.

"माह्याच हातानं मारलं मी याले."

मला फार वाईट वाटलं. इतकी माया आमच्यावर कुणीच केली नव्हती.

आशाबाईंनी येऊन बुड चाचपलं. "मुळं शाबूत हायेत. उभं करा, पण ढिलं बांधा."

सत्तारभाईंनी तसंच केलं. दुपारी वारा सुटला. खोड झुललं, माझी भिंत ताणली आणि पहारेकरी खडबडून जागे झाले. मी आणि माझ्या शेजारणी विणायला बसलो. इतक्यात सत्तारभाई चिंधी आवळायला धावत आले. त्यांनी चिंधीची गाठ धरली, सोडली, पुन्हा धरली. मग त्यांनी चिंधी न आवळताच हात काढून घेतला.

मित्रांनो, जपणाऱ्याला किती धाकधूक असते, ते मला त्या हातातून कळलं आहे. तरीही विनवते, रोपाला पाणी द्या, आधार द्या, पण त्याला थोडा वारा लागू द्या. आमची भिंत आम्हालाच बांधायची असते.