राघूच्या तोंडून

किशनरावांनी पिंजऱ्यात हात घातला तेव्हा राघू तळाशी आडवा पडलेला होता. भिजवलेल्या डाळीची वाटी तशीच भरलेली. त्यांनी त्याला तळहातावर घेतलं, अंगठ्याने पोट चाचपलं. थंडगार. रात्रीच कधीतरी गेला असावा.

“गड्या, आजचाच दिवस सापडला का तुला?” ते हळूच म्हणाले.

दिवस खरोखरच अडचणीचा होता. दुपारपर्यंत सुनेचा भाऊ भुजंग गंगाखेडकडून बैलगाडी घेऊन येणार होता आणि तिला कायमची माहेरी नेणार होता. आणि हे सुनेला अजून माहीत नव्हतं. किशनराव न्याहारीच्या वेळी ते राघूला सांगणार होते, म्हणजे आत बसून तिला कळलं असतं.

पालमजवळच्या त्या वाडीत कुठलीच सून सासऱ्याशी बोलत नसे. पदर पुढे ओढायचा, सासरा ओसरीवर असला की मागच्या दाराने जायचं, असा रिवाज. घर माणसांनी भरलेलं असलं की यात काही अडत नाही. सासू असते, नवरा असतो, निरोप इकडून तिकडे जातात. पण या घरातला नवरा, रामकिशन, चार वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत एका दिवसात गेला. त्याच्यामागे दोन वर्षांनी त्याची आई तानुबाई, सुनेची आत्याबाई, गेली. उरले सासरा, सून आणि तानुबाईने पाळलेला राघू. रिवाज तेवढा धडधाकट होता.

सासूच्या तेराव्यानंतर पहिले काही दिवस सून गोजर उंबऱ्यावर भाकरीची पितळी ठेवून तांब्या आपटायची. किशनराव गोठ्यात असले की त्यांना ऐकू जात नसे, आणि भाकरी कुत्रं न्यायचं. मग एके दिवशी तांब्या वाजला आणि राघू म्हणाला, “मामंजी, भाकर झाली. हात धुवा.”

किशनराव उभ्या जागी थबकले. लग्न होऊन सात वर्षं झाली होती, आणि सुनेचे शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडत होते, तेही राघूच्या तोंडून. पोरीने दाराआड बसून किती दिवस त्याला शिकवलं असेल, कोण जाणे.

तेव्हापासून घराचा सगळा कारभार राघूच्या मार्फत चालू झाला. किशनरावांनी त्याला म्हणायचं, “राघू, उद्या खळ्यावर जायचंय,” आणि पहाटे उंबऱ्यावर भाकरीचं फडकं बांधून तयार असायचं. राघूला वेळेचं भान तर असं की माणसाने शिकावं. किशनरावांना ठसका लागला की म्हणे, “लय खोकला आलाय, काढा घ्या.” कोणी आलं आणि ते बाहेर असले तर “मालक रानात गेलेत”, घरात असले तर “मालक, कोन आलंय बगा”. सक्तीच्या लेव्हीचे जोंधळे न्यायला निजामाचा महसुली अंमलदार, गिरदावर, आला तेव्हा किशनराव मुद्दाम कडब्याआड दडून बसले होते. राघूने इमानेइतबारे “मालक, कोन आलंय बगा” म्हणून त्यांना बाहेर काढलं.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र किशनरावांची नजर मंदावली. रान बटईने, अर्ध्या वाट्यावर, देऊन ते ओसरीवर अंबाडीचे दोर वळत बसू लागले. जन्मात पहिल्यांदाच हा माणूस दिवेलागणीला घरी होता. पहिल्याच संध्याकाळी गोजरने आत दिवा लावला आणि राघू पिसं फुलवून म्हणाला, “करमत न्हाई गं माय. करमत न्हाई.”

सुनेच्याच मनातलं राघू बोलतोय, असं किशनरावांनी धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बरोबर दिवा लागला की. पंचविशीसुद्धा न गाठलेली पोर. माहेरी भावजय आहे, भाच्यांचा दंगा आहे. इथे म्हातारा आणि त्याचे दोर. ती गेल्यावर आपल्याला भाकरी कोण देणार, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. तो त्यांनी बाजूला सारला आणि बाजाराला जाणाऱ्या एकाजवळ भुजंगला सांगावा धाडला.

आज सकाळी त्यांनी राघूला लिंबाखाली पुरलं, माती पायाने दाबली, पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि ते ओसरीवर येऊन बसले. जाताना पोरीला हे कळायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

थोड्या वेळाने तांब्या वाजला. पिंजरा गप्प. तांब्या पुन्हा वाजला. किशनराव मान खाली घालून दोर वळत राहिले. आपण खोकावं, की उठून जावं, त्यांना काही सुचेना.

“मामंजी,” दाराआडून आवाज आला, “भाकर झाली. हात धुवा.”

आवाज राघूपेक्षा जाड होता, जरासा घोगरा. झाडताना लिंबाखालची ओली माती तिने पाहिली असणार. किशनरावांनी पिंजऱ्याकडे तोंड केलं.

“आलो रे राघू.”

अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर त्यांनी घसा साफ केला. “राघू, भुजंग यायलाय दुपारी. गाडी आननार हाय. तिला म्हनावं, काय न्यायचं ते बांधून ठेव. आता माहेरीच ऱ्हा म्हनावं.”

आत भांड्याचा आवाज थांबला.

“कामून? माजं काय चुकलं?”

“चुकलं न्हाई रे. पर तिला हितं करमंना. तूच तर रोज दिवा लागला की सांगतूस.”

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“ते माजं न्हाई, मामंजी. ते आत्याबाईचं हाय.”

किशनरावांनी हातातला घास पितळीत परत ठेवला.

“दिवा लावताना आत्याबाई रोज म्हनायच्या. तुमी मळ्यात असायचे, न्हाईतर चावडीवर. राघूनं तवाच धरलंय ते.”

“रामकिशन गेल्यावर?” या वेळी ते राघूचं नाव घ्यायला विसरले.

“न्हाई. मी लगीन होऊन आले त्या दिवशीबी म्हनल्या. त्याच्याआदी कवापासून, ते मला ठावं न्हाई.”

चाळीस वर्षांचा संसार. तानुबाईने कधी तक्रार केली नव्हती, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. घर चाललंय, बायको घरात आहे, त्यात विचारायचं काय, असंच ते धरून चालले होते. सुनेशी न बोलण्याचा रिवाज होता. बायकोशी न बोलण्याचा रिवाज कुणीच घालून दिला नव्हता. किशनरावांना स्वतःची फार लाज वाटली. उरलेली भाकरी त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

दुपारी भुजंग आला, बहिणीला भेटायला आत गेला आणि डोकं खाजवत बाहेर आला.

“मामा, आक्का न्हाई म्हनती. तितं मी पाव्हनी, हितं माजं घर हाय म्हनती. तुमीच तर सांगावा धाडला व्हता!”

“माजंच चुकलं, बाबा. जेवून जा.”

निघताना त्यांनी त्याच्या बैलांसाठी दोन नवे दोर दिले. गाडी रिकामीच परत गेली.

ऊन उतरलं, गुरं परतली. आत गोजरने देवळीत दिवा लावला. किशनरावांचा हात दोरावर थांबला. आत तिचीही हालचाल थांबली होती. राघूची बोलायची वेळ आली आणि निघून गेली.

मग किशनराव उठले. पिंजऱ्यावरचं फडकं काढून त्यांनी घडी केली. पिंजऱ्याकडे मात्र त्यांनी तोंड केलं नाही.

“आनखी काय म्हनायची गं ती?”

आत पाट सरकवल्याचा आवाज झाला, अगदी दारापाशी.

“लय काय काय म्हनायच्या,” गोजर म्हणाली.

किशनरावांनी अंबाडी बाजूला ठेवली आणि ते दाराजवळ सरकून बसले.