क्लिफच्या कानात

"आपण हरलो नाही गं, बाकीच्यांना घरी जायची घाई होती," पडद्यावरचा जाडजूड प्लंबर म्हणाला आणि अख्खा पब हसला.

हसता हसता लोक वळून क्लिफकडे बघायला लागले. मालकीण मॉरीन ग्लास पुसत म्हणाली, "अरे राजा, हा तर तूच. पोटासकट."

क्लिफने थोडं लाजून घेतलं, मग उभा राहून तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. नटापेक्षा बरं म्हणाला.

शेजारी बसलेला विल्फ ऑल्डरॉइड तेवढा हसला नाही. ते वाक्य त्याचं होतं.

यॉर्कशायरमधल्या त्या गावात दर मंगळवारी पबमध्ये प्रश्नमंजुषा असते. खिडकीजवळचं टेबल या तिघांचं. क्लिफ प्लंबर. ब्रेंडा दातांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली. पेन तिच्या हातात, कारण तिचंच अक्षर वाचता येतं. आणि विल्फ, ज्याने जन्मभर बस चालवली. कॉलेजात असताना हेझेल नावाची एक मुलगी यांच्यात चौथी म्हणून बसायची. पुढे ती लंडनला गेली, लिहायला लागली, आणि आता टीव्हीवर तिची मालिका आली होती: दर आठवड्याला पबमध्ये जमणाऱ्या, बहुतेक वेळा हरणाऱ्या मित्रांची. थोडी हसवणारी, थोडी डोळे पुसायला लावणारी. मालिकेत क्लिफ होता. ब्रेंडा होती, चष्म्याच्या साखळीसह. बसवाला कुठेच नव्हता.

विल्फचा आवाज देवाने खालच्या पट्टीतला दिला होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की कान लाल व्हायचे. म्हणून काही सुचलं की तो क्लिफकडे झुकायचा आणि हळूच सांगायचा. क्लिफ ते बादलीभर पाण्यासारखं खोलीभर फेकायचा. हशा उठला की विल्फ ग्लासात बघून गालात हसायचा. इतकी वर्षं त्याला ते पुरलं. क्लिफच्या मनात कपट नव्हतं. कुठलं वाक्य कुणाचं, याचा त्याने कधी हिशेबच ठेवला नव्हता.

पण आता दर भागात विल्फचं एखादं वाक्य यायचं आणि क्लिफच्या अंगावर शोभून दिसायचं. किराणा दुकानात लोक क्लिफला थांबवायचे. बेकरीवाली त्याला वरचा एक बन द्यायची. विल्फ मागे पिशवी धरून उभा.

मत्सर फार इमानी सोबती असतो, प्रार्थनेलासुद्धा शेजारच्या बाकावर येऊन बसतो. रविवारी चॅपलमध्ये विल्फ भजनातला खालचा सूर धरायचा. पाद्रीबाई प्रवचन सांगता सांगता मध्येच गायला लागायच्या आणि सगळं चॅपल त्यांच्यामागे जायचं. त्या रविवारी विल्फचं तोंड उघडलं, पण सूर निघेना. प्रभू, शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नये ही तुझी आज्ञा मला पाठ आहे, तो मनात म्हणाला. पण बैल माझा आहे.

पुढच्या मंगळवारी हेझेल स्वतः आली. सोबत स्थानिक रेडिओचा तरुण, हातात माइक. तिने ब्रेंडाला मिठी मारली, क्लिफला मारली, मग विल्फचे दोन्ही हात हातात घेतले.

"विल्फ, तुम्हाला कशी विसरेन? पाऊस असला की तुम्ही मला घरापर्यंत सोडायचात."

"हो," विल्फ म्हणाला.

"किती शांत माणूस. मी सांगते ना, तुम्हाला लिहून बघितलं होतं मी. पण पडद्यावर गप्प बसणारा माणूस दिसतच नाही हो."

विल्फने मान हलवली. बोलायचं होतं, पण ती वळली होती.

रेडिओवाल्याने माइक क्लिफच्या तोंडासमोर धरला. "इतकी वर्षं एकत्र आहात. गुपित काय?"

क्लिफने छाती भरून श्वास घेतला, आणि तो तसाच राहिला. मग सवयीने त्याने डावा कान विल्फकडे कलता केला.

विल्फजवळ उत्तर होतं. तयार, गरम. त्याने ग्लास उचलला आणि सावकाश एक घोट घेतला.

"म्हणजे... आपलं... मैत्री," क्लिफ म्हणाला. "आणि बिअर."

लोक भिडेखातर हसले. रेडिओवाल्याने माइक काढून घेतला. क्लिफ विल्फकडे बघत राहिला. रागाने नाही. अंधारात ओळखीची पायरी सापडू नये, तसा.

विल्फला वाटलं होतं, बरं वाटेल. घोट घशात कडू लागला.

पुढची फेरी सुरू झाली. नद्या, राजधान्या. क्लिफ एरवी चुकीचं उत्तर सगळ्यांत आधी द्यायचा. आज हाताची घडी घालून बसला होता.

"काय झालंय रे तुम्हा दोघांना?" ब्रेंडा म्हणाली. "पेरूची राजधानी कोण सांगणार? माझी आई?"

तिने स्वतःच काहीतरी लिहिलं.

थोड्या वेळाने विल्फ झुकला आणि क्लिफच्या कानात बोलला. क्लिफचे खांदे हलायला लागले. तो तोंडावर हात धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पण एक शब्द बोलला नाही.

"काय? सांग की," ब्रेंडा म्हणाली. हेझेलनेही खुर्ची वळवली.

"माझं नाही ते," क्लिफ म्हणाला. "कधीच नव्हतं बहुतेक. त्याला विचारा."

आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. विल्फचे कान लाल झाले. त्याने ग्लास खाली ठेवला.

"ते गुपिताचं विचारलं ना मघाशी," तो म्हणाला. "आमच्यातल्या एकाला काहीच येत नाही. आणि आम्ही त्याला अजून सांगितलेलं नाही."

ब्रेंडा फस्सकन हसली. हेझेल हसली नाही. ती विल्फकडे बघत होती, मग क्लिफकडे, मग पुन्हा विल्फकडे.

"काय म्हणाला तो?" मागच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं. "ऐकू नाही आलं."

सगळे क्लिफकडे वळले. क्लिफने ब्रेंडाच्या हातातलं पेन घेतलं, माइकसारखं उभं धरलं आणि विल्फच्या तोंडासमोर केलं.