जड आधी

घरसामान हलवण्याच्या धंद्यात दादाचे केस पांढरे झाले होते. ट्रकमध्ये आधी कपाट, मग पलंग, उरलेल्या फटींत बोचकी, हा त्याचा शिरस्ता. त्यात तो ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसे.

आईला जाऊन तीन महिने झाले होते. तिचा फोन धाकट्या बहिणीकडे होता आणि काल तो कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुऊन निघाला. दुरुस्तीवाल्याने तो कसाबसा चालू करून दिला आणि बजावलं, "तासभर चालेल. बंद पडला की विसरा."

धाकटीला हवे होते फक्त आईचे बोललेले निरोप. जेवलीस का, फोन का उचलत नाहीस, असले. दोनशेच्या वर होते.

"सगळंच पेनड्राइव्हवर घेऊ," दादा म्हणाला. "जड आधी चढवायचं. बारीकसारीक मागून कुठेही मावतं."

त्याने सर्वांत मोठी फाइल वर येईल अशी यादी लावली आणि कॉपी दाबलं.

दहा मिनिटांत तीन टक्के. दादाने वायफाय बंद केलं, बाकीची ॲप बंद केली. काडीचा फरक पडला नाही.

"पेनड्राइव्ह जुना आहे. नवा आणू?" त्याने विचारलं.

"मधेच काढलास तर पहिल्यापासून, दादा."

फोन तापला. धाकटी वहीने त्याला वारा घालू लागली. चार मजले पाठीवरून फ्रीज चढवणारा माणूस, पण टक्के दाखवणाऱ्या त्या निळ्या पट्टीला हात कुठे लावायचा, हेच त्याला कळेना. आपण इतके निरुपयोगी कधीच नव्हतो, असं त्याला वाटलं.

बावन्नाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

दादाने स्वतःच्या फोनवरून, स्पीकर लावून, दुरुस्तीवाल्याला विचारलं. "नुसते आवाज हवे होते ना?" तो म्हणाला. "मग तेच आधी घ्यायचे. त्यांना वजनच नसतं. मिनिटभराचं काम होतं."

धाकटीने ते ऐकलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर दादाला बरं वाटलं असतं.

पेनड्राइव्हवर एकच फाइल पुरी उतरली होती. आईकडून चुकून चालू राहिलेला व्हिडिओ: छत, फिरता पंखा, चाळीस मिनिटं. मागे भांडी वाजत होती, म्हणजे ती जवळच होती. दादाने आवाज पूर्ण वाढवला. दोघं शेवटपर्यंत कान लावून बसले. आई एकदाही बोलली नाही.