युक्लिडची हिरवी शेज

भूमितीची परीक्षा संपली की आमच्या कॉलेजातली पोरं युक्लिडचं पुस्तक पुरतात. पेटी, काळे झगे, खोटं रडणं, सगळं यथासांग. मग पाक्षिकात त्याचा रसभरीत वृत्तान्त येतो. त्या पाक्षिकाची मुद्रितं मी तपासायचो. यंदाची मिरवणूक मात्र मी पाहिली नाही. हॉपकिनबाबांची बायको, आमची ग्वेनीमावशी, वारली होती आणि मी त्यांच्या घरी बसून होतो.

हॉपकिनबाबा म्हणजे पेनसिल्वानियात पाटीच्या दगडाच्या खाणींत राबणाऱ्या आम्हा वेल्श लोकांचे उपदेशक. बोलता बोलता त्यांचं प्रवचन गाण्यात शिरायचं, आणि कातळ फोडणारी माणसं डोळे पुसायची. त्या सुरासाठी मी आख्खा आठवडा काढायचो.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाक्षिकाचा संपादक ल्यूशस थेअरनं मजकूर पुढ्यात टाकला. मी वेल्श म्हणून तो मला टॅफी म्हणून चिडवायचा.

"वाच टॅफी, हसून पोट दुखेल. प्रवचन मीच ठोकलं, तुमच्या त्या म्हाताऱ्याच्या चालीत. आऽऽ करत वर चढायचं, मग हुंदका! पोरं लोळली लेका!"

मी वाचत गेलो. 'दिवंगताच्या भाग्याने टेकडीवर खड्डा तयारच होता, आत नेच्याची हिरवी शेजही होती.'

कबरीच्या खड्ड्याला आतून नेचा लावतात त्या फक्त आमच्या चॅपलच्या बायका.

"हा खड्डा कुणाचा होता, ठाऊक आहे?"

"रिकामा होता रे. नाव थोडंच लिहिलं होतं!"

"आज दुपारी ग्वेनीमावशीला तिथं ठेवायचंय."

ल्यूशस म्हणाला, "अरेरे. पण ती ओळ काढू नकोस हं. झकास उतरलीय."

मी फावडं घेऊन टेकडीवर धावलो. माती भुसभुशीत होती. पेटी वर ओढताना तिची फळी निघाली आणि आतून पुस्तकाबरोबर युक्लिड म्हणून सजवलेलं डुकराचं मुंडकं घरंगळलं. नाकावर तारेचा चष्मा, तोंडात खडू, वर बियर ओतलेली. रक्तानं नेचा चिकट झाला होता. मी काठावर ओकलो, पुन्हा उतरलो. सगळी घाण कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे टाकली, नेचा उपसला, खालची मातीही खरवडली. वास काही जाईना.

तेवढ्यात शवपेटी घेऊन लोक वर आले. काठावर हॉपकिनबाबा उभे.

"एम्लिन, आत काय करतोयस पोरा?"

मी सांगितलं. लपवणार तरी कसं? वास सगळ्यांनाच येत होता.

"आणि नेचा?"

"काढून टाकावा लागला, बाबा."

त्यांनी अंगातला प्रवचनाचा काळा कोट उतरवला आणि खाली दिला. "हा अंथर. तिनंच शिवलाय."

मी अंथरला. ग्वेनीमावशी त्यावर टेकली. बाबा नुसत्या सदऱ्यावर बोलू लागले आणि बोलता बोलता सूर वर चढला, नेहमीसारखाच. माझं काळीज मात्र हललं नाही. कानात ल्यूशस बसला होता: आऽऽ, मग हुंदका!

बरोबर तिथंच बाबांना हुंदका आला. खरा.

तोंडात अजून ओकारीची चव होती. मी मान वळवून गवतात थुंकलो.