पांढरा टॉवेल

सकाळी मैदानावर आल्यावर योगराज फिरके सगळ्यांत आधी दगड वेचत असे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीमागचं ते मैदान कोणा एकाचं नव्हतं. संध्याकाळी तिथे क्रिकेट चाले, लग्नसराईत मांडव पडे, आणि सकाळी कुठून तरी नवे दगड उगवलेले असत. दगड कुंपणापाशी टाकून झाले की झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून चुन्याची फक्की सोडत तो गोलसमोरचा चौकोन आखी. मग सुई ओठांत ओली करून चेंडूंत हवा भरी. तोवर मुलं सायकलींवरून येऊ लागत आणि समाधान पाण्याचा जार दुचाकीच्या पुढ्यात धरून हजर होई. समाधान पूर्वी याच मैदानावर योगराजच्या हाताखाली खेळलेला. आता तो मुलांचा दुसरा सर होता. मैदानाला लागूनच रूळ होते. मालगाडी धडधडू लागली की शिट्टी ऐकू येत नसे, म्हणून योगराज हातांनी बोलायला शिकला होता. हात उंच म्हणजे थांबा. तळहात खाली म्हणजे चेंडू जमिनीवर ठेवा. सराव आटोपला की नळावर तोंड धुऊन, शर्ट बदलून तो वरणगावच्या फॅक्टरीत पाळीवर जाई.

त्या दिवशीही सगळं याच क्रमाने झालं. फक्त मुलं कमी आली. बचावफळी तर जवळजवळ आलीच नाही.

"साथबिथ आली का काय?" योगराजने विचारलं.

समाधानने जार खाली ठेवला आणि उगाच त्याचं झाकण घट्ट केलं. "सर, तुम्ही पालकांचा ग्रुप पाहिला नाही का?"

त्याने मोबाइल पुढे केला. जळगावला जिंकलेल्या सामन्याचं चित्रण होतं. मुलं एकामागून एक मैदानात उतरत होती. प्रत्येक जण वाकून गवताला हात लावी, मग कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावून ती ओठांशी नेई. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'योगराज सर आपल्या मुलांना काय शिकवून राहिले, ते बघा.'

योगराज बघत राहिला. ती क्रुसाची खूण त्याने शिकवलेली नव्हती. टीव्हीवर परदेशी खेळाडूंना पाहून मुलांनी ती उचलली होती, जशी त्यांच्या केसांची कापणी उचलली तशीच. निम्मी मुलं खांदे उलटे धरत. एक मुलगा तर आधी मारुतीला नमस्कार करी, मग ही खूण करी, आणि वर बुटांच्या नाड्यांनाही हात लावी. वर्षानुवर्षं हे चाललं होतं; आईबाप मैदानाच्या कडेला उभे राहून कौतुकाने फोटो काढत. आता त्याच खुणेला अर्थ आला होता, कारण योगराज फिरके बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होणार असल्याचं गावाला कळलं होतं.

त्यामागची गोष्ट तशी साधी होती, आणि म्हणूनच कोणाला सांगून पटण्यासारखी नव्हती. योगराजला फुटबॉल शिकवला तो सायमन सरांनी. ते रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांचे पाय गेले, तेव्हा योगराज दर रविवारी त्यांना मोटरसायकलवर बसवून स्टेशनपलीकडच्या चर्चमध्ये नेऊ लागला. बाहेर उभं राहायचं ऊन लागे, म्हणून तो आत शेवटच्या बाकावर बसे. सर गेले, पुढच्या रविवारी मोटरसायकल सवयीने तिकडेच वळली. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सुरुवातीला सगळे एकदम छातीवर हात मारून आपली चूक कबूल करत. त्यांत रेल्वेतले साहेब असत, सफाईवाले असत, भांडून आलेली नवराबायको असत. मुलांवर आयुष्यभर ओरडत आलेल्या योगराजला ते ऐकताना आपलं ओरडणं आठवे. हळूहळू त्याचाही हात छातीवर जाऊ लागला.

पण प्रसाद घ्यायला सगळे वेदीकडे रांगेने निघत, तेव्हा तो एकटा मागे उरे. बाप्तिस्मा नसलेल्याला तो प्रसाद नसतो. रांगेत जाणाऱ्या बायका आपल्या पिशव्या विश्वासाने त्याच्याजवळ ठेवून जात. कितीतरी वर्षं योगराज सबंध चर्चच्या पिशव्या सांभाळत आला होता. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी, मांडीवर कोणाची तरी भाजीची पिशवी असताना, त्याला वाटलं की आता आपण उठून रांगेत जावं. तेव्हापासून तो फादर व्हिन्सेंट यांच्याकडे शिकायला जात होता.

*

क्लबचे अध्यक्ष अभयकुमार यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. मुलांच्या जर्सी त्यांच्याकडूनच येत. संध्याकाळी त्यांनी योगराजला बोलावून घेतलं, तेव्हा गादीच्या कडेला हिलालही बसला होता. बचावफळीतल्या एका मुलाचा बाप, आणि योगराजच्याच समाजातला, त्याचा शाळेपासूनचा मित्र.

"बसा, योगराजभाऊ," अभयकुमार म्हणाले. "आधी चहा घ्या. रागाने बोलायचं नाही, असं मी हिलालभाऊंना सांगून ठेवलंय."

"मी कुठे रागावलो?" हिलाल म्हणाला. "मी फक्त पोरगं घरी ठेवलं."

"ती खूण मी शिकवली नाही, हिलाल. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे रे भो! पण माझ्या भावकीला काय सांगू? ते म्हणतात, सर बाटला, आता पोरं बाटतील."

अभयकुमारांनी हात वर केला. "हे बघा, मी रोज जैन स्थानकात जातो. माझी आई, लाडकुंवरबाई, स्थानकातही जायची आणि पीरबाबाला चादरही चढवायची. कोणी बोललं नाही. श्रद्धेला कोण अडवतंय? तुम्ही चर्चमध्ये जा, बसा, डोळे मिटा. फक्त ते पाण्याचं नको. आत नाव घालू नका."

"अभयभाऊ, एक विचारू?" योगराज सावकाश म्हणाला. "एखादा पोरगा रोज सरावाला येतो, पळतो, चेंडू उचलतो. पण क्लबात नाव घालत नाही. मॅचला त्याला उतरवाल का?"

उत्तर हिलालने दिलं.

"नाही उतरवणार. पण त्याला मैदानातून हाकलणारही नाही. मग बस की तूही बाकावर! इतकी वर्षं बसलास, आताच काबरं सहन होईना?"

तहान का लागली, हे कोणी विचारलं तर काय सांगणार?

"धुळ्याची मॅच तोंडावर आहे," अभयकुमार हळू आवाजात म्हणाले. त्यांना हे बोलताना खरोखरच त्रास होत होता. "पोरं पहिल्यांदा इतकी पुढे गेलीत. तुम्ही बाप्तिस्मा घेतला आणि क्लबातही राहिलात, तर निम्मा संघ घरी बसेल. मला धमकी द्यायची नाही. पण दोन्हींतलं एक ठेवा, भाऊ."

निघताना हिलाल पायरीपर्यंत आला. "तुझ्याशी माझं भांडण नाही," तो म्हणाला. योगराजलाही ते खरं वाटलं, आणि त्यामुळेच जास्त असहाय वाटलं. भांडण असतं तर ते मिटवता आलं असतं.

*

चर्चच्या ओसरीवर फादर व्हिन्सेंट खुर्चीत बसले होते आणि सायमन सरांच्या पत्नी, एलिझा आँटी, वेदीसाठी आणलेल्या झेंडूच्या काड्या खुडत होत्या. योगराजने झालेलं सांगितलं.

"ईस्टरला नको," फादर म्हणाले. "त्या दिवशी सगळ्या गावाचं लक्ष इकडे असतं. अजून थांबू. वर्षभर थांबलास तरी देव कुठे जात नाही."

"आणि पुढच्या वर्षी, फादर?"

फादरांनी चष्मा काढून पुसला. आँटींनीच स्पष्ट सांगितलं. "बेटा, तू बाहेर आहेस तोवर लोकांना आमचं दार दिसत नाही. तू आत आलास की दिसेल. आम्ही मूठभर माणसं. चर्चच्या कमिटीत दोघे तर सरळ म्हणाले, आपण त्याला बोलावलं नव्हतं, मग निस्तरायचं आपणच का?"

योगराजने मान खाली घातली. बाहेरचे आत जाऊ नको म्हणत होते, आणि आतले येऊ नको म्हणत होते. आणि दोघांच्याही बोलण्यात माया होती.

"सायमनने तुला कधी म्हटलं होतं का, ये म्हणून?" आँटींनी विचारलं.

"कधीच नाही. उलट मला म्हणायचे, तू बाहेर चहा पीत बस."

आँटी हसल्या, मग त्यांनी डोळे टिपले. "त्याने ये म्हटलं नाही, तर नको म्हणणारी मी कोण? फादर, एखाद्या साध्या दिवशी, सकाळच्या मिस्सेत करा. धर्ममाता म्हणून मी उभी राहते. कमिटीला नंतर मी बघते."

फादरांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी योगराजकडे पाहिलं. "क्लबचं काय करशील?"

"ते माझं मी बघतो," योगराज म्हणाला. पण काय बघायचं, ते अजून त्यालाच माहीत नव्हतं.

*

आईला, लताबाईंना, त्याने स्वतःच सांगितलं. त्या दारात बसून वाती वळत होत्या. सून मोहिनी आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"देव बदलला म्हणजे काही तू बदलत नाहीस," लताबाई म्हणाल्या. "दारू प्यायला लागला असता, तर काय केलं असतं मी? पण मला एक सांग. आखाजीला तुझ्या बापाची घागर कोण भरीन?"

आखाजीच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, खरबूज ठेवायचं, पुरणपोळीचं पान वाढायचं. वडील गेल्यापासून ती घागर एकुलता एक मुलगा म्हणून योगराजच भरत आला होता.

"मीच भरीन, आई. फादरांना विचारलं मी. गेलेल्यांची आठवण त्यांच्यातही करतात."

"तू भरशील रे. पण झुलालकाका म्हणतात, बाटलेल्याच्या हातचं पाणी पोचत नाही. तो माणूस तिथे तहानलेला राहीन तर?"

"काकांना कसं माहीत?"

"त्यांना माहीत नाही," लताबाई म्हणाल्या. "पण तुलाही माहीत नाही ना?"

त्यांनी पुन्हा वात वळायला घेतली. ती काही केल्या नीट वळली जाईना. योगराज त्यांच्याजवळ खाली बसला. आत भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

जेवताना मोहिनीने विचारलं, "तिथे काय न्यावं लागतं? काही कापड-बिपड?"

"पांढरं वस्त्र. खांद्यावर घालतात."

"आपल्याकडे पांढरं म्हणजे टॉवेलच," ती म्हणाली. "कपाट भरलंय तुमच्या सत्कारांनी."

हे खरंच होतं. लग्नात, उद्घाटनात, स्पर्धेत जिथे जाईल तिथे टॉवेल-टोपी मिळे. टोप्या वाटून टाकल्या होत्या, टॉवेल साचले होते. मोहिनीने त्यांतला एक काढला, त्याच्या कोपऱ्यावर दोऱ्याने भरलेला दुकानाचा छाप ब्लेडने हळूहळू उसवला आणि इस्त्री करून ठेवला. तिने यापेक्षा जास्त काही विचारलं नाही. तिचं काय मत होतं, ते योगराजला पुढेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर त्याने समाधानला थांबवून घेतलं आणि गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात दिली.

"धुळ्याला संघ तू घेऊन जा. पुढेही तूच बघ. अभयभाऊंना मी सांगितलंय. हिलालचा पोरगा उद्यापासून येईल."

"सर, असं कसं? पोरं तुमची आहेत. आणि तुम्ही काही केलेलंच नाही तर..."

"केलेलं नाही हे सांगत बसलो, तर पोरांचा मोसम त्यातच जाईल." तेवढ्यात मालगाडी आली. समाधान काहीतरी बोलत राहिला. ते ऐकू येत नव्हतं. योगराजने सवयीने हात उंच केला. थांब. गाडी निघून गेल्यावर तो म्हणाला, "डावीकडून खेळणाऱ्याला ओरडू नको. ओरडलं की तो चेंडू उंच मारतो."

*

सामन्याच्या सकाळी तो मैदानाकडे फिरकला नाही. त्याच सकाळची मिस्सा फादरांनी ठरवली होती, आणि योगराजने दिवस बदलून मागितला नव्हता. टॉवेल पिशवीत घालून तो चर्चच्या फाटकाशी पोचला, तेव्हा समाधानचा फोन आला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"सर, पारोळा मागे टाकलं. पोरं विचारून राहिली, सर काबरं आले नाहीत? काय सांगू?"

योगराज फाटकाला धरून उभा राहिला. "सांग, सरांना ड्यूटी लागली."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आत जाण्याआधीच आपण खोटं बोललो. मिस्सेच्या सुरुवातीला छातीवर हात मारताना त्याच्या मनात तेवढंच होतं.

आत मोजकीच माणसं होती. कमिटीतलं कोणी आलं नव्हतं. फादरांनी कपाळावर पाणी ओतलं. उन्हाळ्याचे दिवस असूनही ते थंड होतं. आँटींनी टॉवेल उलगडून त्याच्या खांद्यांवर घातला. उसवलेल्या छापाच्या टाक्यांची जागा अजून दिसत होती. धुळ्यात आतापर्यंत मुलं मैदानात उतरली असतील. ती खूण करू नका, असं त्याने शेवटच्या सरावांत त्यांना कितीदा सांगितलं होतं, पण कोणीतरी विसरेलच.

तो आपल्या नेहमीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मग प्रसादाची वेळ झाली. माणसं उठू लागली. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून, रविवारच्या सवयीने, आपली पिशवी त्याच्यापुढे धरली. योगराजने ती घेतली. क्षणभर ती मांडीवर धरून तो बसून राहिला. मग त्याने ती नीट, पडणार नाही अशी, बाकावर ठेवली, खांद्यावरचा टॉवेल सावरला आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.